कृषी सल्ला: शेगडी, कुंडी, कॉइल आणि थंडीतली पिल्लं

मुंबईतून थंडीचे प्रश्न येतात म्हटल्यावर ज्यांना हसू येतं, त्यांनी जानेवारीत पहाटे पाचला गोरेगावजवळच्या आरेत एक चक्कर मारून यावी. कुलाब्याला समुद्र सांभाळून घेतो. आरेच्या पाड्यांवर, डोंगरालगत पारा त्याहून बराच खाली उतरतो. सांताक्रूझला जानेवारीत किमान तापमान एरवी १६-१७ अंशांच्या आसपास असतं, पण २२ जानेवारी १९६२ ला तिथं ७.४ अंशांची नोंद झालेली आहे. आणि त्याच महिन्यात दुपारी पारा ३० च्या वर असतो. आपल्याकडची खरी अडचण हीच आहे: रात्रीसाठी केलेली ऊब दुपारी काढायची राहिली, तर तीच जनावराला भोवते.

सध्या मोबाइलवर घरच्या घरी हीटर बनवण्याचे व्हिडिओ फिरताहेत आणि त्यावरून बरेच प्रश्न आले आहेत. त्यातल्या चार प्रश्नांची उत्तरं देतो. क्रम मी लावला आहे, कारण पहिल्याला थांबायला वेळ नाही.

प्रश्न: आमच्या तबेल्यात लहान पारडी एका खोलीत ठेवतो. रात्री कोळशाची शेगडी पेटवून, दार ओढून मीही तिथंच झोपतो. सकाळी डोकं जड होतं, मळमळतं. शेगडीवर पाण्याचं भांडं ठेवलं तर चालेल का?

दादा, आज रात्रीपासून ती शेगडी खोलीबाहेर. पाण्याच्या भांड्यानं काहीही होत नाही. डोकं जड होणं ही कार्बन मोनॉक्साइडची खूण आहे. या वायूला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. माणूस झोपेतून उठतच नाही, अशा बातम्या दर थंडीत येतात.

सगळ्यात फसवा असतो तो लाल झालेला, धूर सरलेला निखारा. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं समजून लोक नेमकी तेव्हाच शेगडी आत घेतात. धूर असेपर्यंत निदान खोकला येऊन जाग तरी येते.

पुन्हा असा त्रास झाला तर आधी स्वतः मोकळ्या हवेत या, दारं-खिडक्या उघडा, सोबत कुणी असेल त्याला बाहेर काढा आणि दवाखान्यात जा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी जा. डॉक्टरांना ‘बंद खोलीत शेगडी होती’ हे आठवणीनं सांगा, नाहीतर पित्ताचं औषध मिळेल.

आता पारड्यांचं. सुदृढ, कोरड्या अंगाच्या पारडाला मुंबईच्या थंडीत हीटर लागतच नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला १५ अंशांखाली त्रास सुरू होतो, तोही अंग ओलं असेल आणि वारा लागत असेल तर जास्त. व्याल्यावर अंग गोणपाटानं खसखसून कोरडं करा. पहिल्या तासात चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, पाजा. दिवसभरात वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा चीक पोटात गेला पाहिजे. अंगातली ऊब त्यातूनच येते. खाली भाताचा पेंढा इतका घाला, की पारडू बसल्यावर त्याचे पाय दिसता कामा नयेत. पेंढा पुरेसा कोरडा आहे का हे पाहायचं असेल तर स्वतः गुडघे टेकून अर्धा मिनिट बसा. पायजमा ओला झाला, की पेंढा बदला. अशक्त पारडाला गोणपाटाची झूल बांधा आणि सकाळी ऊन चढलं की ती सोडा. डासांसाठी गोवरीचा नाहीतर कडुलिंबाचा धूर करता, तोही बाजू मोकळ्या असलेल्या गोठ्यातच, पेटत असताना कुणी जागं असेल तोवरच.

प्रश्न: आमच्या पाड्यावर बचत गटानं कोंबडीची ५० पिल्लं आणली आहेत. व्हिडिओत चार मेणबत्त्यांवर मातीची कुंडी उपडी ठेवून खोली गरम करतात. पिल्लांसाठी हे करू का? वीज आहे, पण मधूनमधून जाते.

ताई, कुंडी ऊब तयार करत नाही. मेण जळून जेवढी उष्णता निघते तेवढीच कुंडी स्वतःत मुरवते आणि सावकाश बाहेर सोडते. वाटीएवढ्या पत्र्यात येते ती छोटी मेणबत्ती साधारण ३०-४० वॅट उष्णता देते. चार मेणबत्त्या म्हणजे फार तर १६० वॅट, म्हणजे जुन्या साठच्या दोन-अडीच बल्बांइतकी. हात कुंडीजवळ नेला की चटका बसतो, म्हणून वाटतं खोली तापली. तेवढ्यासाठी तुम्ही सुक्या तुसावर, फडफडणाऱ्या पिल्लांच्या मधोमध चार ज्योती ठेवणार. शिवाय मेणबत्त्या एकमेकींजवळ आणि वर झाकण असलं, की मेण प्रमाणाबाहेर तापतं आणि वातीसोडून सगळं मेणच पेट घेतं. अशा वेळी पाणी ओतलं तर भडका उडतो. वर पत्रा किंवा परात झाकायची असते. या भानगडीत पडूच नका.

पिल्लांच्या ब्रूडिंगचा, म्हणजे त्यांना वरून ऊब देण्याचा, जुना हिशोब साधा आहे: पिल्लामागे एक ते दोन वॅट. ५० पिल्लांना साठचे दोन बल्ब पुरतात. एकच शंभरचा घेऊ नका, तो रात्री उडाला तर सकाळी पिल्लं गारठलेली सापडतील. बल्ब तारेचा, पिवळ्या उजेडाचा हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. गटातल्या कुणाचं क्रॉफर्ड मार्केटकडे जाणं झालं तर लोहार चाळीत चौकशी करा. होल्डर चिनीमातीचा घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका. साखळी किंवा जाड तार आढ्याला बांधून त्यावर तोला, म्हणजे वायर निसटली तरी तापलेला बल्ब तुसात पडणार नाही. वर टोपलीचं हॉवर, म्हणजे ऊब खाली राखणारं छत्रीसारखं झाकण, लावत असाल तर बांबू आणि बल्ब यांत वीतभर अंतर ठेवा. कापलेला तेलाचा डबा त्याहून बरा: जळत नाही आणि ऊब खाली परततो.

पिल्लांभोवती दीड फूट उंचीचं गोल कडं करा, पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं. चौकोनी नको. थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. थंडीनं मेली असं लोक सांगतात त्यातली बरीच अशी चेंगरून गेलेली असतात. कड्यात भाताची तुसं दोन इंच पसरा.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश हवेत, पुढं दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. थर्मामीटर असेल तर तुसापासून दोन इंचांवर टांगा. नसेल तर पिल्लांकडेच बघा, मीही शेडमध्ये गेलो की आधी तेच बघतो. बल्बाखाली गठ्ठा करून मोठ्यानं चिवचिव करत असतील, तर ऊब कमी आहे, बल्ब खाली घ्या. कड्याला चिकटून, चोच उघडी, पंख सैल सोडलेले असतील, तर जास्त झाली, बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरून कुठून तरी वारा येतोय. तिथं ओला हात धरा, फट सापडेल. कडंभर विखरून, काही खाताहेत, काही पाय पसरून झोपलीत आणि आवाज हळू आहे, असं दिसलं की बल्बाला हात लावू नका. हे रात्री दहाला एकदा आणि पहाटे एकदा बघायचं. दुपारी बाराला तर नक्कीच, कारण पत्र्याखाली तेव्हा दोन्ही बल्ब बंद करावे लागतील.

वीज जाते त्याचा उपाय तुमच्या चुलीवरच आहे. दहा-दहा लिटरचे दोन जाड प्लॅस्टिकचे कॅन घ्या. पाण्याच्या बाटल्या नकोत, गरम पाण्यानं त्या वाकतात. साधारण ६० अंशांचं पाणी भरा, म्हणजे बोट क्षणभरही ठेववत नाही इतकं. बूच घट्ट लावा, गोणपाटात गुंडाळा आणि कड्यात आडवे ठेवा. वीस लिटर पाणी ६० वरून ३० वर येईपर्यंत पाऊण युनिटाच्या जवळपास उष्णता सोडतं. आठ तासांवर वाटलं तर सरासरी ८५ वॅट, सुरुवातीला जास्त, पहाटे कमी. ज्योत नाही, धूर नाही, करंट नाही. पिल्लं कॅनला टेकून झोपतात. मध्यरात्रीनंतर एक कॅन बदललात तर सकाळपर्यंत ऊब टिकते.

दोन गोष्टी आणखी. आरेत बिबट्याच्या भीतीनं खुराडं चारी बाजूंनी पत्र्यानं ठोकून बंद करतात. भीती रास्त आहे, पण मग विष्ठेचा अमोनिया आतच कोंडतो. छताखाली वीतभर पट्टी उघडी ठेवून तिथं जाड, मजबूत जाळी ठोका. खाली वाकून पिल्लांच्या उंचीवर श्वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर त्यांचे दिवसरात्र चुरचुरताहेत. आणि खुराड्यात किंवा त्याला लागून जुना नॉनस्टिक तवा तापवून ऊब करायची नाही. तो लेप फार तापला की त्याच्या वाफेनं पक्षी पटापट मरतात.

प्रश्न: मुलानं विटेवर कॉइल गुंडाळून हीटर केला आहे, २००० वॅटचा. शेळीच्या करडांच्या खोलीत लावू का?

मुलाच्या हाताला गुण आहे, त्याला रीतसर वायरमनचं काम शिकू द्या. पण हा हीटर करडांच्या खोलीत नको. २००० वॅट म्हणजे ८-९ अॅम्पिअर. घरातला साधा ५-६ अॅम्पिअरचा सॉकेट आणि बारीक वायर इतकं सोसत नाही, तापून वितळते. उघडी कॉइल, लघवीनं ओली जमीन आणि चार पायांवर उभं जनावर हे एकत्र आलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. माणसाला नुसता झिणझिणेल एवढ्या करंटनंही जनावर दगावू शकतं. वर दहा तासांचे वीस युनिट.

करडांना खोली गरम नको, पेटी गरम हवी. फळांची जुनी लाकडी पेटी आडवी करा, तळाशी पेंढा घाला, तोंडावर अर्धं गोणपाट सोडा आणि मागच्या बाजूला वर सांगितलेला कॅन ठेवा. दोन-तीन करडं एकमेकांना टेकून बसतात आणि एवढ्याशा जागेत त्यांचीच ऊब पुरते. आईजवळ जायला पेटीचं तोंड मोकळं राहू द्या. गोठ्यात दिव्यापुरती वीज असेल तरी ३० मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं बटण) आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या. शेजाऱ्याच्या मीटरवरून ओढलेल्या वायरवर तर काहीच लावू नका.

प्रश्न: गोराईत मिरचीचं रोप ट्रेमध्ये टाकलं आहे. बी उगवायला उशीर होतोय. प्लॅस्टिकच्या खोक्यात बल्ब लावू का?

बल्बाची गरज नाही. मिरचीला उगवताना २५ ते ३० अंश लागतात आणि आपल्याकडे दिवसा ते आपोआप मिळतात, अडतं ते रात्रीचं. ट्रेवर बांबूच्या कमानी करून प्लॅस्टिक टाका आणि आत काळ्या रंगाचे पाण्याचे कॅन ठेवा; दिवसभर तापतात, रात्री ऊब सोडतात. उरलेलं बी ओल्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधून स्वयंपाकघरात उबेला ठेवा आणि मोड दिसला की पेरा. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी दिलं तर ट्रे रात्रभर गार राहतो आणि रोपं बुडाशी कुजतात. आणि नऊच्या आत प्लॅस्टिक एका बाजूनं उचला. अकरा वाजता आठवलं, तर आतली रोपं उकडलेली असतील.