पहिली ओळ बदल

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. 3 जानेवारीच्या तुझ्या भाषणाचा खर्डा दोनदा वाचला. तळमळ खरी आहे, म्हणूनच हातात लाल पेन घेतलं.

पहिलीच ओळ बघ: "सावित्रीबाईंनी देशातली मुलींची पहिली शाळा काढली." सगळे असंच बोलतात. पण बंगालमध्ये बारासातला 1847 मध्येच मुलींची शाळा सुरू झाली होती, आणि मुंबईतल्या मिशनऱ्यांच्या शाळा त्याहून जुन्या. तू म्हण, "1848 साली पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली." त्यांचं काम यानं तसूभरही लहान होत नाही. सावित्रीबाई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या, हे मात्र सांगच. समोर नववी-दहावीच्या मुली बसणार आहेत. त्या मनातल्या मनात आपलं वय मोजतील.

शेवटी दिलेला सुविचार त्यांच्या कोणत्या लेखनातला? सापडला नाही तर काढून टाक. त्यांचे स्वतःचे शब्द असताना कुणीतरी त्यांच्या नावावर खपवलेलं वाक्य आपण का वापरायचं? 1877 च्या दुष्काळात त्यांनी जोतिरावांना जे पत्र लिहिलं, ते ओतूरहून. तुमच्याच जुन्नर तालुक्यातलं ओतूर! गुरं मरताहेत, माणसं गाव सोडताहेत, असं त्यात आहे. बाजाराला ओतूरला जाणाऱ्या बायका समोर असताना हे तुझ्या खर्ड्यात नसावं, याचं मला वाईट वाटलं.

मी एकदा 10 मार्चच्या सभेत, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, "जयंतीनिमित्त" असं बोलून गेलो. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मान खाली घातली. त्यानंतर मी काय बोललो ते मलाही आठवत नाही, पण ती मान आठवते.

बाकी किरकोळ. पाहुण्यांची नावं आदल्या दिवशी मुख्याध्यापकांकडून लिहून घे आणि उच्चार विचारून घे. सात मिनिटं मिळाली आहेत, तर आठशे शब्द पुरे. तुझे चौदाशे झालेत. कागदांवर आकडे टाक, वाऱ्यानं उडाले तर लावता येतील.

सुरुवात ओतूरच्या पत्रानंच करून बघ. रविवारी संध्याकाळी फोन कर, घड्याळ लावून ऐकतो.

तुझे,
सर