वय झालेल्या माणसाला कुठली भाषा काय म्हणते? मराठीत 'म्हातारा', 'वृद्ध', 'ज्येष्ठ' यांतलं कुठे काय वापरावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: आरोग्याविषयीचं एक पत्रक इंग्रजी-हिंदीतून मराठीत आणायचंय. 'म्हातारा' लिहिलं तर अपमान वाटतो, 'वृद्ध' लिहिलं तर माणूस अंथरुणाला खिळलाय असं वाटतं आणि 'ज्येष्ठ नागरिक' लिहिलं की सरकारी नोटीस वाचल्यासारखं होतं. इतर भाषांचंही असंच होतं का, हेही तुम्ही विचारलंय.

होतं, जवळजवळ सगळ्यांचंच. म्हातारपणाचे शब्द बहुतेक वेळा मानाचे म्हणून जन्माला येतात, रोजच्या वापरात झिजतात, त्यांना हेटाळणीचा वास लागतो आणि मग नवा मानाचा शब्द शोधावा लागतो. आपला 'म्हातारा'च घ्या. तो आला संस्कृत 'महत्तर'वरून, म्हणजे 'अधिक मोठा'. जुन्या ताम्रपटांत 'महत्तर' ही गावातल्या प्रमुख, मानकरी लोकांची उपाधी आहे. 'म्हात्रे' हे आडनावही त्यातूनच आलं असं मानतात. आडनावात मान टिकला, नामात गेला.

'थेरडा'ची घसरण तर याहून मोठी. संस्कृत 'स्थविर' म्हणजे स्थिर, पक्व, ज्येष्ठ. पालीत त्याचा 'थेर' झाला आणि बौद्ध संघात ज्येष्ठ भिक्षूला थेर, भिक्षुणीला थेरी म्हणू लागले. श्रीलंका, म्यानमार, थायलंड इथला थेरवाद म्हणजे या ज्येष्ठांचा मार्ग. त्याच घराण्यातल्या मराठी शब्दाला 'डा' लागला आणि उरली ती शुद्ध शिवी.

बाहेर पाहिलं तर हीच वाट दिसते. स्पॅनिशमध्ये वयस्कर माणसासाठी आज सभ्य शब्द आहे 'मायोर'. त्याचा अर्थ 'अधिक मोठा', आणि तो 'महत्' ज्या मूळ धातूचा त्याच धातूचा. म्हणजे 'मायोर' आणि 'म्हातारा' हे चुलतभाऊ. एकाला अजून खुर्ची मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. लॅटिन 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा. त्याच्या तुलनावाचक रूपातून 'सीनियर' आला, स्पॅनिश 'सेन्योर' आला आणि इंग्रजी 'सर'सुद्धा. विद्यापीठाची सिनेटही तिथलीच, मूळची म्हाताऱ्यांची सभा, आणि 'सेनाईल' हा बुद्धिभ्रंशाचा शब्दही त्याच घरचा. संस्कृतातला 'सन' (जुना) आणि त्यावरचा 'सनातन' हे त्याचे आपल्याकडचे नातेवाईक. अरबी 'शेख' मुळात म्हातारा, मग टोळीचा प्रमुख. फारसी 'पीर' मुळात म्हातारा, मग संत. फारसीत 'बुजुर्ग'चा अर्थ नुसता 'मोठा', टेबलही बुजुर्ग असतं; हिंदी-उर्दूत मात्र तो वयाचाच शब्द झालाय.

मोठेपणाखेरीज आणखी दोन उगम आहेत. एक वाढीचा: 'वृद्ध' म्हणजे वाढलेला. 'वृद्धी' आणि आपली 'वाढ' त्याच धातूच्या. म्हणून 'ज्ञानवृद्ध' म्हणजे ज्ञानाने वाढलेला, ज्ञानाने थकलेला नव्हे. जर्मन 'आल्ट' आणि इंग्रजी 'ओल्ड' यांच्या मुळाशीही वाढणं-पोसणंच आहे. दुसरा उगम वर्षाचा. लॅटिन 'वेतुस' (जुना) हा वर्षवाचक धातूवरून आला. त्यावरून स्पॅनिश 'व्हिएहो' आणि फ्रेंच 'व्हिय'. त्याच धातूवरून संस्कृत 'वत्सर' आणि एका वर्षाचं ते 'वत्स', म्हणजे आपलं वासरू. स्पॅनिश म्हातारा आणि मराठी वासरू एका मुळाचे निघावेत, हे व्युत्पत्तीत चालायचंच.

आता अनुवाद करताना पाय घसरतो त्या जागा.

पहिली म्हणजे तुलनेचं रूप. जर्मनमध्ये 'आइन आल्टर मान' म्हणजे म्हातारा माणूस. 'आइन एल्टरर मान' हे व्याकरणाने 'अधिक म्हातारा', पण प्रत्यक्षात हा माणूस पहिल्यापेक्षा तरुण असतो: वयाकडे झुकलेला, पण म्हातारा म्हणवत नाही असा. तुलनावाचक रूप धार बोथट करतं. इंग्रजीतही सध्या 'एल्डर्ली' टाळून 'ओल्डर' वापरण्याकडे कल आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीत तशी स्पष्ट सूचना आहे. या 'ओल्डर'चं मराठी 'अधिक वयाचे' असं करू नका. वाचक लगेच विचारतो, कोणापेक्षा? तिथे 'वयस्कर' किंवा 'उतारवयातले' ठेवा. गंमत म्हणजे आपला 'ज्येष्ठ' तर संस्कृतात थेट तमभाव आहे, 'सर्वांत मोठा'. मराठीत तो इतका सैल झालाय की एका बाकावर पाच ज्येष्ठ बसतात.

दुसरी जागा: माणूस आणि वस्तू. मराठीत माणूस म्हातारा, वस्तू जुनी. 'जुना माणूस' म्हटलं की वय कळत नाही. तो खात्यात जुना किंवा विचाराने जुना. जपानीत 'फुरुई' वस्तूंसाठी. माणसाला लावलं तर 'तुमचे विचार बुरसटलेत' असा अर्थ होतो. वयासाठी 'वर्षं घेतलेला' अशी रचना वापरतात. कानडीत वस्तू 'हळे', माणूस 'मुदुक'. कोरियनमध्ये माणसाचं क्रियापद 'नुक्ता' आणि वस्तूचं 'नाक्ता'. फरक एका स्वराचा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे यंत्रानुवादात 'माझी जुनी मैत्रीण' आणि 'माझी म्हातारी मैत्रीण' यांची अदलाबदल होते. पत्रक यंत्राकडून करून घेतलं असेल तर हा शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी तपासा.

कोरियन उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. 'नुक्ता' हे विशेषण नसून क्रियापद आहे, त्यामुळे 'तो म्हातारा आहे' असं म्हणायला 'तो म्हातारा झाला' हे भूतकाळी रूप लागतं. मराठीलाही हीच चाल आवडते: 'वय झालं त्यांचं'. विशेषणच नाही, त्यामुळे बोचत नाही. पत्रकासाठी ही रचना फार कामाची आहे: 'वय झालं की तहान कमी लागते, म्हणून ठरवून पाणी प्यावं.' यात कोणालाच लेबल लागलं नाही. फक्त शेजारच्या रूपांना जपा. 'वय झालं' म्हणजे म्हातारपण, 'वयात आली' म्हणजे मासिक पाळी सुरू झाली, आणि 'लग्नाचं वय झालं' म्हणजे तिसरंच काही. मराठी शिकणारे इथे हमखास अडकतात.

हिंदी मजकुरावरून काम करणार असाल तर सर्वांत मोठा धोका ओळखीच्या शब्दांचा. हिंदी 'वयस्क' म्हणजे सज्ञान, अठरा पूर्ण केलेला. मराठी 'वयस्क' म्हणजे वय झालेला. 'केवल वयस्कों के लिए' हा सिनेमा मराठीत 'फक्त प्रौढांसाठी' असतो. तसाच उचलला तर आजोबांनाच तिकीट मिळायचं. औषधाच्या मात्रेत ही चूक महागात पडते, कारण 'वयस्क: एक गोळी' ही मात्रा प्रौढांची असते, म्हाताऱ्यांची नव्हे. हिंदी 'वरिष्ठ नागरिक' म्हणजे आपले ज्येष्ठ नागरिक. मराठीत वरिष्ठ हे कचेरीतले साहेब. गुजरातीत 'वडील' म्हणजे घरातलं कोणीही मोठं माणूस. मराठीत तो अर्थ 'वडीलधारी' शब्दात उरलाय, नुसते 'वडील' म्हणजे बाप. बंगाली 'प्रबीण' म्हणजे बुजुर्ग. मराठी 'प्रवीण' पंचविशीचाही असू शकतो. वृद्धाश्रमाला गुजरातीत 'घरडाघर' म्हणतात, तमिळमध्ये 'मुदियोर इल्लम'. तमिळ 'मुदियोर' आदराचा; 'किळवन', 'किळवी' मात्र तोंडावर म्हणू नयेत.

तोंडावर काय म्हणावं हा वेगळाच कप्पा. काही भाषांत वयाचाच शब्द संबोधन म्हणून चालतो. स्वाहिलीत 'म्झे' म्हणजे वयोवृद्ध, आणि ती हाक मानाचीच. केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा 'म्झे' म्हणूनच ओळखले जात. पण त्याच शब्दाचा उपसर्ग बदलून 'किझे' केलं की थेरडी झाली. चिनीत 'लाओ' म्हणजे म्हातारा, पण शिक्षकाला 'लाओशी' म्हणतात, मग तो बावीस वर्षांचा का असेना. आडनावाच्या आधी लावला ('लाओ वांग') तर बरोबरीची सलगी, नंतर लावला ('वांग लाओ') तर मोठा आदर. जपानीत 'ओबासान' म्हणजे काकू आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. एक स्वर लांबला की बाईचं वय वीस वर्षांनी वाढतं.

मराठीत वयाचा शब्द हाक म्हणून चालत नाही, नातं चालतं. अनोळखी माणसाला नेहमी एक पायरी खाली धरा: आजोबा वाटले तरी काका, आजी वाटल्या तरी काकू किंवा मावशी. अगदीच काठी टेकत येत असतील तर आजी-आजोबा. 'अहो म्हातारबाबा' गावाकडे प्रेमाने चालून जातं, शहरी दवाखान्याच्या खिडकीवर नाही.

'म्हातारा' शब्दावर सरसकट फुली मारू नका, असं मला वाटतं. घरात तो अजूनही मायेचा आहे. 'आमचं म्हातारं ऐकत नाही' यातलं नपुंसकलिंग माया आणि काळजी दोन्ही दाखवतं. विदर्भात 'माहा बुढा' म्हणजे माझा बाप, खानदेशात डोकरा-डोकरी. अर्जेंटिनातही 'मी व्हिएहो' (माझा म्हातारा) म्हणजे माझे बाबा. कोकणीत म्हातारो आहेच, पण घरातल्या थोरामोठ्यांना 'जाण्टेले' म्हणतात. हे शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी हवेत, छापील पत्रकाच्या नव्हेत. संवाद किंवा मुलाखत असेल तर जरूर ठेवा.

छापील मराठीत वाटणी बरीच स्पष्ट झालीये. वर्तमानपत्र बघा: लुटली ती '७२ वर्षीय वृद्धा' असते, सत्कार झाला त्या 'ज्येष्ठ लेखिका' असतात. बाई एकच असली तरी. 'वृद्ध' शरीराबद्दल बोलतो, 'ज्येष्ठ' स्थानाबद्दल. म्हणून पत्रकात हाडं ठिसूळ होणं, तोल जाणं अशा मजकुरात 'वृद्धापकाळ', 'वार्धक्य' बरोबर बसतात. सवलत, अर्ज, रांग, राखीव जागा इथे 'ज्येष्ठ नागरिक'. आणि थेट वाचकाशी बोलताना दोन्ही टाळून 'साठीनंतर' लिहा. योजनांची नावं मात्र जशीच्या तशी. 'वृद्धापकाळ निवृत्तिवेतन'चं 'ज्येष्ठत्व निवृत्तिवेतन' केलंत तर अर्जदाराला खिडकीवर परत पाठवतील.

नाव देताना सरकारंही चुकतात. जपानने एप्रिल २००८मध्ये ७५ पूर्ण झालेल्यांसाठी वेगळी आरोग्यविमा व्यवस्था सुरू केली आणि त्यांना अधिकृत शब्द दिला 'कोकी कोरेइशा', म्हणजे उत्तरकाळातले वयोवृद्ध. लोक भडकले: शेवटचा टप्पा म्हणजे आम्ही मरायला टेकलो का? सरकारने घाईघाईने 'दीर्घायुष्य वैद्यकीय व्यवस्था' असं दुसरं नाव काढलं. कायद्यात पहिलंच राहिलं. महाराष्ट्रात एसटीने २०२२मध्ये त्याच पंचाहत्तरीपासून मोफत प्रवास दिला तो 'अमृत ज्येष्ठ नागरिक' या नावाने. पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव आधीच ओळखीचा होता, त्यामुळे कोणाला खटकलं नाही.

शेवटी आकड्यांबद्दल, कारण पत्रकात खऱ्या चुका तिथेच होतात. साठीची रेघ जुनी आहे: चरकसंहितेत साठीनंतर जीर्णावस्था, सुश्रुतसंहितेत मात्र वृद्धत्व सत्तरीनंतर. आजच्या कायद्यात (आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७चा) साठ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ. आयकरात ८० पूर्ण झाले की अतिज्येष्ठ. 'पूर्ण' हा शब्द गाळू नका. मराठीत 'साठावं लागलं' म्हणजे ५९ पूर्ण, सवलत अजून वर्षभर लांब. 'साठीला आलेत' म्हणजे अजून व्हायचेत, 'साठीतले' म्हणजे साठ ते एकोणसत्तर, 'साठी उलटली' म्हणजे नक्की झाली. '६० वर्षांवरील' लिहिलं तर बरोबर साठच्या माणसाने काय करायचं हा वाद होतो, म्हणून '६० वर्षे पूर्ण केलेल्या' असंच लिहा. षष्ट्यब्दीपूर्ती साठ पुरी झाल्यावरची. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब वेगळा: हजार पौर्णिमा गुणिले साधारण २९.५३ दिवस म्हणजे २९,५३० दिवस, म्हणजे सुमारे ८० वर्षं १० महिने. म्हणून ते एक्याऐंशीवं लागल्यावर करतात.