स्कूबा डायव्हिंग करून लॉबस्टर पकडायला सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बडोद्यात राहता, वय ३१, पोहता येतं, मालवणला एकदा स्कूबा केलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवडे फ्लोरिडाला मावसभावाकडे जाताय. तिथे जुलैच्या शेवटी दोन दिवसांचा लॉबस्टरचा सीझन असतो, त्यात उतरायचं आहे. तयारी काय करावी, आणि सामान इथून न्यावं का?

मीही बडोद्याचीच. दांडिया बाजारात वाढले, पोहायला लालबागच्या तरणतलावात शिकले. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं दक्षिण फ्लोरिडात होते. त्यातले पाच सीझन आम्ही दोघं लॉबस्टरसाठी पाण्यात उतरलो. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून नुसतं पुढे जाववलं नाही.

आधी सरळ उत्तर देते. नक्की जा, पण त्या दोन दिवसांत उतरू नका.

त्या दोन दिवसांना तिथे मिनी सीझन म्हणतात. जुलैमधला शेवटचा लागोपाठ येणारा बुधवार आणि गुरुवार. नेहमीचा सीझन ६ ऑगस्टला उघडतो आणि ३१ मार्चपर्यंत चालतो. मिनी सीझनला अख्खा किनारा एकदम पाण्यात उतरतो. वर्षभरात एकदाच सिलिंडर पाठीला लावणारी माणसं, घाईत हाकलेल्या बोटी, त्यांच्या पंख्यांखाली डोकी वर काढणारे डायव्हर. माणसं दगावल्याच्या बातम्या तिथे असताना मी एकाहून जास्त वर्षी वाचल्या आहेत. तुम्ही ऑगस्टभर तिथे आहातच. दहा दिवस थांबलात की तोच समुद्र, त्याच शेवंडी (लॉबस्टरलाच आपल्याकडे शेवंड म्हणतात), आणि गर्दी कितीतरी कमी. भावाला वाईट वाटेल, त्याला हे उत्तर वाचायला द्या.

आता मालवणच्या स्कूबाबद्दल. तिथे तुमच्यामागे एक प्रशिक्षक होता, त्याने तुमचं सिलिंडर धरलं होतं आणि तुमची हवा, तुमची खोली, सगळं तोच सांभाळत होता. ती समुद्राची ओळख झाली. डायव्हिंग अजून शिकायचं आहे. डायव्हिंगचा कोर्स पूर्ण केल्याचं कार्ड नसेल तर फ्लोरिडातलं दुकान तुम्हाला भरलेलं सिलिंडर देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे ओपन वॉटर कोर्स. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा करा किंवा तशाच दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचा. थोडी थिअरी, मग तलावातला सराव, मग समुद्रातल्या चार डाइव्ह. न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगत राहणं जमावं लागतं. लालबागला रोज सकाळी अर्धा तास गेलात तर महिन्याभरात हे सहज होईल. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन असं काही झालेलं असेल तर फॉर्मवर लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. हा कोर्स झाला की १८ मीटरपर्यंत जाता येतं. फ्लोरिडात शेवंडीसाठी त्याहून खोल जायची मुळीच गरज पडत नाही.

बडोद्याच्या जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. तिथे गाळ आणि भरती-ओहोटीचा जोर इतका की डायव्हिंगचा विचारच सोडा. आपल्याला सोयीचं पडतं ते तारकर्ली. तिथे महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. कुडाळपर्यंत रेल्वेने, पुढे गाडीने. फक्त पावसाळ्यात तिथलं डायव्हिंग बंद असतं, म्हणून तुम्हाला एप्रिल-मेच्या आत कोर्स उरकावा लागेल. जुलैत फ्लोरिडाला पोचल्यावर शिकू असं ठरवलंत तर सुट्टीचा पहिला आठवडा त्यात जाईल. तेही चालेल, पण डोक्यात शेवंडी घेऊन कोर्स करू नका.

कोर्सनंतर लगेच जाळी हातात घेऊ नका. निदान आठ-दहा डाइव्ह रिकाम्या हातांनी करा. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे, बाकीचं त्याच्या भोवतीचं. का ते सांगते.

नेहमीचं अॅल्युमिनियमचं सिलिंडर साधारण ११ लिटरचं असतं आणि २०० बारपर्यंत भरतात (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक). म्हणजे सुमारे २२०० लिटर हवा. शांत पोहणारा नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरू. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून तीच हवा मिनिटाला ४० लिटरने जाते. ५० बार राखून ठेवले तर हातात ४० मिनिटं उरतात. आता त्याच माणसाला एका कपारीत शेवंड दिसली. तो डोकं खाली, पाय वर करून काठी घालतोय, धाप लागली आहे. श्वास दुप्पट झाला की ४० मिनिटांची २० होतात, आणि नेमका त्याच वेळी तो गेजकडे, म्हणजे उरलेली हवा दाखवणाऱ्या मीटरकडे, बघायचं विसरलेला असतो. कारण समोर शेवंड आहे.

हे माझ्याबाबतीत झालं आहे. तिथलं आमचं दुसरं वर्ष, पाम बीचसमोर. तिकडे गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला मोठा प्रवाह; ती किनाऱ्याच्या अगदी जवळून वाहते, त्यामुळे प्रवाहाबरोबर वाहत जायचं आणि बोट मागून येते, अशी तिथली पद्धत. १६ मीटरवर एका खडकाच्या ओठाखाली मोठी शेवंड होती. तीनदा प्रयत्न केला, तीनदा ती आत सरकली. चौथ्यांदा हात घालताना गेज डोळ्यांसमोर आला तेव्हा काटा ४० वर होता. मागे वळून बघते तो नवरा नाही. प्रवाहाने त्याला पुढे नेलं होतं, आणि त्याला वाटत होतं की मी मागेच आहे. शिकवल्याप्रमाणे एक मिनिट आजूबाजूला शोधलं, मग हळूहळू वर आले. वर आल्यावर बोटीवाल्याने आधी मला आणि मग बऱ्याच पुढून त्याला उचललं. कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री आम्ही दोघं फार कमी बोललो. त्यानंतर आमचा एक नियम ठरला: एक जण पकडणार, दुसरा फक्त पाहणार. पाहणाऱ्याने दर दोन-तीन मिनिटांनी पकडणाऱ्याच्या खांद्याला हात लावून हवा विचारायची. १०० बार झाले की शेवंड कितीही मोठी असो, हात बाहेर. हा नियम तुम्ही आणि तुमच्या भावाने बोटीवर चढण्याआधी ठरवून घ्या. पाण्याखाली ठरवता येत नाही.

आता शेवंडीकडे येते, कारण तिची सवय कळली की अर्धं काम झालं.

फ्लोरिडात मिळते ती कॅरिबियन काटेरी लॉबस्टर, शास्त्रीय नाव पॅन्युलिरस आर्गस. हॉटेलच्या चित्रात दिसणारे ते जाड नांगे हिला नसतात. नांगेवाली थंड पाण्यातली, वेगळी जात. ही आपल्या कोकणच्या शेवंडीची जवळची नातेवाईक. रात्री खाण्यासाठी बाहेर फिरते, दिवसभर खडकाच्या कपारीत तोंड बाहेर करून बसते. आधी दिसतात त्या तिच्या दोन लांब मिश्या. त्या दिसल्या की थांबा. धावत गेलात तर ती आत जाईल. मिशीला धरून ओढलंत तर मिशी तुटून हातात येईल आणि शेवंड आतच राहील.

ती शेपटी पोटाखाली आपटून मागे उसळी मारते, एका झटक्यात नजरेआड होते. समोरून हात घातला तर म्हणूनच हाती लागत नाही. जाळी नेहमी तिच्या मागे लावायची. लांब, पातळ काठी असते, तिला टिकल स्टिक म्हणतात. ती हळूच कपारीत, शेवंडीच्या मागे न्यायची आणि शेपटीला नुसता स्पर्श करायचा. टोचायचं नाही. तिला वाटतं मागून कुणी आलं, म्हणून ती आपणहून चार पावलं पुढे, उघड्यावर येते. मग जाळी मागे धरायची आणि काठी समोर आणायची. ती मागे उसळते आणि सरळ जाळीत जाते. जाळी वाळूवर दाबून धरा, हातमोज्याने पाठीचं कवच घट्ट पकडा. काटे चांगलेच लागतात.

पहिल्या दिवशी एकही मिळणार नाही, हे गृहीत धरा. मला मिळाली नव्हती.

कपारीत जिथपर्यंत दिसतं तिथपर्यंतच हात. त्याच भोकात मोरे ईल राहते, काळ्या काट्यांचे सागरी साळू असतात, कधी विषारी काट्यांचा लायनफिश. आणि प्रवाळावर गुडघे टेकू नका, त्याला धरून उभं राहू नका. तोल सांभाळणं न येणारा डायव्हर एका मिनिटात अनेक वर्षांचं प्रवाळ मोडतो. रिकाम्या हातांच्या डाइव्ह मी सांगते त्या यासाठीही.

पकडली की लगेच, पाण्यातच मोजायची. फ्लोरिडात मोजपट्टी जवळ असणं कायद्याने सक्तीचं आहे आणि मोजणं पाण्याखालीच व्हायला हवं. डोळ्यांवरच्या दोन शिंगांच्या मधून पट्टी लावायची आणि पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत न्यायची. कवच ३ इंचांपेक्षा मोठं हवं, बरोबर ३ इंच चालत नाही. शंका आली की सोडा. मग तिला उलटी करा. शेपटीखाली नारिंगी दाण्यांचा घोस दिसला तर ती अंडी आहेत, ती मादी कितीही मोठी असली तरी सोडायची. मी अशा माद्या हातातून सोडताना प्रत्येक वेळी दोन सेकंद जास्त धरून बघितल्या आहेत. त्या दाण्यांतून निघालेली पिल्लं काचेच्या पानासारखी पातळ असतात आणि कित्येक महिने उघड्या समुद्रात वाहत राहतात. त्यातून एखादी वाचून, मोठी होऊन कपारीत येते.

नियमांचं उरलेलं पटकन सांगते. समुद्री मासेमारीचा परवाना आणि त्यावर लॉबस्टरची वेगळी परवानगी लागते. पाहुण्यांसाठी काही दिवसांचा परवाना मिळतो. नेहमीच्या सीझनमध्ये माणशी दिवसाला ६. भाला, हूक, तिला भोक पडेल असं काहीही चालत नाही. शेपटी पाण्यातच तोडून आणायची नाही, अख्खी आणायची. बोटीवर लाल झेंड्यावर पांढरी तिरकी पट्टी असलेला डायव्हरचा झेंडा हवाच, आणि वर येताना त्याच्या जवळ या. काही संरक्षित पट्ट्यांत लॉबस्टर पकडणं पूर्ण बंद आहे, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी राज्याच्या वन्यजीव आयोगाच्या वेबसाइटवर त्या जागेचं नाव टाकून पाहा. हे नियम फक्त फ्लोरिडाचे. कॅलिफोर्नियात डायव्हरला फक्त हातांनी पकडायची मुभा आहे, काठीही नाही. बहामात आणि ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये स्कूबा लावून लॉबस्टर पकडताच येत नाही.

एक सुचवू का? पहिल्या वर्षी फ्लोरिडा कीज या दक्षिणेकडच्या बेटांच्या भागात स्नॉर्केलने, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून, सुरुवात करा. तिथे दोन-तीन मीटर पाण्यातही शेवंडी असतात. मास्क, फिन्स, जाळी, काठी एवढंच. सिलिंडर नाही, गेज नाही, फक्त शेवंड कशी हलते ते शिकायचं. जोडीला कुणीतरी वर असू द्या आणि बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेऊ नका, त्याने पाण्याखाली शुद्ध हरपते. चार दिवस असे गेले की मग स्कूबा आणि जाळी एकत्र आणा.

आणि परत आल्यावर हा छंद मालवणला करू नका. तिथल्या समुद्राचा एक भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, आपल्या कच्छच्या आखातातही सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याबाहेरची शेवंडही तिथल्या कोळ्यांच्या पोटाची आहे. आपल्याकडे मुंबई-गुजरातच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या जातीला निर्यातीसाठी किमान ३०० ग्रॅम वजनाची अट २००३ मध्ये घालावी लागली, इतकी पिल्लं उचलली जात होती. इथे बघायला उतरा, पकडायला नको.

सामानाचं: इथून फक्त मास्क न्या. तो चेहऱ्याला बसणं महत्त्वाचं, आणि चष्मा असेल तर नंबरच्या काचा इथे आधीच बसवून घ्या. रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट), सिलिंडर, डाइव्ह कॉम्प्युटर तिथे भाड्याने. काठी, जाळी, मोजपट्टी, हातमोजे आणि पिशवी असा संच तिथल्या दुकानात एकत्र मिळतो. वजनाचे पट्टे चुकूनही बॅगेत भरू नका. परतीच्या विमानाआधी शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास जाऊ द्या, त्यामुळे तिकीट काढतानाच शेवटचा दिवस कोरडा ठेवा.

घरी आणलेली शेवंड भावाच्या स्वयंपाकघरात कशी करायची ते विचारलं नाहीत, तरी सांगते. आमच्या सीकेपी घरात शेपटी मधून उभी चिरून तिला आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबाचं वाटण पंधरा मिनिटं लावून ठेवतात. मग तापलेल्या तव्यावर मांसाची बाजू खाली, तीन-चार मिनिटं, उलटून तितकीच. मांस पांढरं आणि घट्ट झालं की उतरवायची. त्याहून जास्त ठेवलीत तर रबर होते.