कुकर न्यावा का, आणि इतर प्रश्न

या महिन्याच्या टपालात जर्मनीचीच पत्रं जास्त निघाली. काही तिथे पोचलेल्यांची, काही बॅग भरत बसलेल्यांची. मी १९९२ साली ग्योटिंगेनला दोन वर्षं शिकायला होते. परत आल्यापासून पुण्यात जर्मन शिकवते आणि कागदपत्रांची भाषांतरं करते. म्हणून संपादकांनी ही टोपली माझ्याकडे सरकवली. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. चार निवडली आहेत.

ताई, मी सिंहगड रोडचा. गेल्या ऑक्टोबरपासून ब्रेमेनला मास्टर्स करतो आहे. फ्लॅटमध्ये आम्ही तिघं, तिघंही पुण्याचेच. एप्रिलपासून एका कंपनीत सहा महिन्यांची पूर्णवेळ इंटर्नशिप लागली. अभ्यासक्रमात ती सक्तीची नाही, मीच शोधली. पंधरा दिवस झाले. सकाळी लोक ‘मोइन’ म्हणतात आणि कामाला लागतात. साडेअकराला सगळे उठून जेवायला जातात, मला कोणी ‘चल’ म्हणत नाही. मी जागेवरच डबा खातो. साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, काही लागलं तर विचार. त्यानंतर फिरकले नाहीत. मी इथे नकोसा आहे का? शनिवारी एका बेकरीत काम करतो, तेवढाच माणसांत असतो. – य. के., ब्रेमेन

अरे, तू आग्रहाची वाट बघत बसला आहेस.

माझी गोष्ट सांगते. ग्योटिंगेनला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांच्या घरी रात्रीचं जेवण होतं. जेवण म्हणजे काय, पाव, चीज, काकडी आणि बटाट्याचं सॅलड. मी दोन तुकडे खाल्ले. बाईंनी विचारलं, ‘आणखी घेणार?’ मी आपल्या वळणाप्रमाणे म्हटलं, ‘नको, पुरे झालं.’ पोटात कावळे ओरडत होते, पण पहिल्या ‘नको’ला कोण विचारतं! आता दुसऱ्यांदा विचारतील, तिसऱ्यांदा पानात वाढतीलच, असा माझा हिशेब. बाईंनी मान डोलावली आणि ताटल्या उचलून आत नेल्या. खोलीवर येऊन मी बॅगेच्या तळाशी सांडलेला बाकरवडीचा चुरा खाल्ला. बाई कोरड्या नव्हत्या. पुढे दोन वर्षं त्यांनी माझे निबंध तपासून दिले, तेही मी मागितलं म्हणून. मी ‘नको’ म्हटलं आणि त्यांनी ते खरं मानलं, एवढंच झालं होतं.

(‘जेवूनच आला असाल’ म्हणणाऱ्या गावातून गेलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागतंय, हीच गंमत आहे. पण बाहेरचे काहीही म्हणोत, घरात आपण आग्रहावरच वाढतो.)

तेव्हा उद्या अकरा पंचवीसला डबा हातात घेऊन उभा राहा आणि शेजारच्याला विचार, ‘कान इश मिटकोमेन?’ मीही येऊ का? इतकंच. तो ‘हो, अर्थात’ म्हणेल आणि पुढे चालू लागेल. त्यात उत्साह शोधू नकोस. टेबलाशी ते भराभर जर्मन बोलतील, तुला निम्मं कळेल. महिनाभर निम्मंच कळू दे. वाटेत कुणी ‘माल्त्साइट’ म्हणालं तर तोच शब्द परत म्हण, तो तिथला दुपारचा नमस्कार. ‘तू’ की ‘तुम्ही’, हा प्रश्न मराठी माणसाला पडायला नको. आपल्याकडे दोन्ही आहेत. समोरचा ‘डू’ (तू) म्हणू या म्हणेपर्यंत वरिष्ठांना ‘झी’च (तुम्ही) ठेव. आणि वाढदिवस आला की केक तू न्यायचा आहेस, ते आणणार नाहीत. तिथे ज्याचा वाढदिवस तोच खाऊ घालतो. तुला बेकरी ठाऊकच आहे.

आता साहेब. ‘काही लागलं तर विचार’ हे आपण ‘या एकदा घरी’सारखं ऐकतो, म्हणजे बोलायची पद्धत. ते मात्र शब्दशः म्हणाले आहेत. तू पंधरा दिवस काही विचारलं नाहीस, म्हणजे सगळं छान चाललंय, असं ते धरून चालले असतील. आठवड्यातून अर्ध्या तासाची वेळ ठरवून माग. ‘टर्मीन’ हा शब्द वापर, त्याला तिथे मान आहे. जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून ने आणि दारात ‘वेळ आहे का?’ असं घुटमळू नकोस.

यापेक्षा मला तुझ्या बेकरीची जास्त काळजी वाटते. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला एका कॅलेंडर वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२४च्या मार्चपूर्वी हा आकडा १२० आणि २४० होता, जुन्या मुलांचं ऐकून फसू नकोस. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप या दिवसांत मोजत नाहीत. तुझ्यासारखी स्वतःहून घेतलेली मोजतात. सहा महिने, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे सुट्ट्या वगळण्याआधी साधारण १३० दिवस तिथेच संपले. जानेवारीपासूनचे बेकरीतले शनिवार त्यात मिळव. आजच वही घेऊन बस. आकडा काठावर आला तर बेकरीला वर्षअखेरपर्यंत रामराम करायचा आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन विचारायचं. शिवाय व्याख्यानांच्या काळात आठवड्याला २० तासांहून जास्त काम झालं की विम्याचा हिशेबही बदलतो. आरोग्य विम्याच्या कार्यालयाला एक मेल टाक.

पगाराचंही बघून घे. स्वतःहून घेतलेली इंटर्नशिप तीन महिन्यांहून मोठी असेल तर किमान वेतन लागू होतं, आणि तेही पहिल्या दिवसापासून. १ जानेवारी २०२६पासून ते तासाला १३.९० युरो आहे. करारात कमी लिहिलं असेल तर संकोच न करता विचार.

शेवटी प्रशस्तिपत्र. हे न मागता मिळेल अशी आशा ठेवू नकोस, संपण्याच्या महिनाभर आधी माग. ते हातात पडलं की नीट वाच, कारण त्याची भाषा सांकेतिक असते. ‘आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे काम केले’ हे वाचून आपण पेढे वाटू. तिथे त्याचा अर्थ ‘ठीक’, तिसरी श्रेणी. त्याच्या आधी ‘नेहमी’ हा शब्द आला की दुसरी. पहिल्या श्रेणीसाठी ‘नेहमी’ तर हवंच, शिवाय ‘पूर्ण’च्या जागी ‘पूर्णतम’ असा व्याकरणाला न मानवणारा शब्द हवा. आणि ‘त्याने प्रयत्न केले’ म्हणजे चक्क नापास. माझ्याकडे एकदा एक मुलगा असंच प्रयत्नांचं प्रशस्तिपत्र भाषांतराला घेऊन आला होता. आईनं ते फ्रेम करायला सांगितलं होतं. मी भाषांतर केलं आणि फ्रेमचं तेवढं राहू दे म्हटलं.

फ्लॅटमधल्या दोघा पुणेकरांना सोडू नकोस. रात्री पिठलं-भात कुणाबरोबर खायचा, हा साधा प्रश्न नाही. फक्त आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांच्याशिवाय काढ. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे वर्ग स्वस्त असतात. बॅडमिंटनला भाषा फारशी लागत नाही.

आमच्याकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही. तरी त्याचे पैसे भरा असं पत्र आलं आहे. ही फसवणूक आहे का? – तीन मैत्रिणी, लाइपझिग

फसवणूक नाही. सार्वजनिक प्रसारणाची ही वर्गणी घरामागे असते, टीव्हीमागे नाही. महिन्याला १८.३६ युरो. तुम्ही राहण्याच्या पत्त्याची नोंदणी केलीत की तो पत्ता त्यांच्याकडे पोचतो. एका फ्लॅटला एकदाच भरायची असते. तिघींपैकी एकीच्या नावावर नोंदवा, बाकीच्या दोघींनी तिचा क्रमांक कळवून आपलं नाव काढून घ्या आणि पैसे वाटून घ्या. पत्र कचऱ्यात टाकलं असेल तर शोधा. तिथली पत्रं वाट बघतात आणि मग दंड घेऊन परत येतात.

माझा अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीत आहे. तरी इथे जर्मनचा क्लास लावू का? सगळे म्हणतात गरज नाही. – स. पा., कर्वेनगर

लाव. माझा धंदा आहे म्हणून सांगते आहे असं वाटलं तर दुसरीकडे लाव. वर्गात इंग्रजी चालेल. पण घरमालक, डॉक्टर, नोंदणी कार्यालयातली खिडकी आणि इंटर्नशिपमधली जेवणाची सुट्टी, हे सगळं जर्मनमध्ये चालतं. निघेपर्यंत ए-२ ही पायरी (भाषेच्या सहा पायऱ्यांतली दुसरी) आणि तिथे पहिल्या वर्षात बी-१ (तिसरी), एवढं ध्येय पुरे. जाण्याआधीच्या सहा महिन्यांत इतकी कागदपत्रं असतात की पुस्तक उघडणं होत नाही. म्हणून व्हिसाची वाट न बघता आत्ताच सुरू कर.

मुलगी सप्टेंबरात ड्रेस्डेनला निघाली आहे. २३ किलोच्या दोन बॅगा. तीन लिटरचा कुकर, घरचं तूप, गोडा मसाला, मेतकूट, आंबावडी, सगळं बसवायचं आहे. ती म्हणते कुकर नको. रोज रात्री आठला फोन कर म्हटलं तर चिडते. कुकर न्यावा की नाही, ते तुम्हीच तिला सांगा. – एक आई, कोथरूड

कुकर न्यावा. मुलीला सांगा की मी सांगितलं आहे. डाळ-तांदूळ तिथे आशियाई दुकानांत मिळतात, पण कुकरशिवाय तूरडाळ शिजवण्यात तासभर जातो आणि वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात मागे रांग असते. मात्र अॅल्युमिनियमचा नको. शेगडी इंडक्शनची निघाली तर तो तापणारच नाही. तुळशीबागेत स्टीलचा, इंडक्शनला चालणारा घ्या. तो साध्या काचेच्या शेगडीवरही चालतो. शिट्टी ऐकून मजल्यावरची मुलं धावत येतील, पहिल्या दिवशीच ओळख होईल. रात्री दहानंतर मात्र लावायचा नाही, तेव्हा शांततेची वेळ सुरू होते.

तूप राहू द्या. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. तुपाबरोबर पेढे आणि खव्याची बर्फीही त्यातच आली. विमानतळावर काढून घेतात, आणि घरचं तूप कचऱ्यात जाताना बघणं फार वाईट. तिथे लोणी चांगलं मिळतं, कढवायला शिकवून पाठवा. गोडा मसाला, मेतकूट, बाकरवडी बिनदिक्कत द्या. आंबावडीत खवा किंवा दूध घालत असाल तर ती तुम्हीच खा. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या भोकात बसत नाही. व्होल्टेज मात्र आपल्यासारखंच २३० आहे. एक अॅडॉप्टर आणि घरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो.

फोनचं जरा अवघड आहे. पोचेल तेव्हा आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचं अंतर असेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे होतात, मग साडेचार. म्हणजे तुमचे रात्रीचे आठ हे हिवाळ्यात तिचे दुपारचे साडेतीन, नेमके लेक्चरचे. ती उचलणार नाही, तुम्ही काळजी कराल, मग ती चिडेल. रविवारची एक वेळ ठरवा. रविवारी तिथे जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात, तिलाही वेळ असतो. मधल्या दिवसांत तिने मजकूर टाकावा, तुम्ही अंगठा दाखवावा. नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र नियम सैल करा. दुपारी चारच्या सुमारास अंधारायला लागतं, तेव्हा मुलं विनाकारण रडवेली होतात. त्या दिवसांत तिचाच फोन अवेळी आला तर ‘का गं, काय झालं?’ असं लगेच विचारू नका. कुकरला काय लावलंस ते विचारा.

आणि कुकरच्या दोन जास्तीच्या रबरी रिंगा द्या. आपल्या कुकरच्या मापाची रिंग तिथल्या दुकानात मिळत नाही.