‘पँडिक्युलेशन’ म्हणजे जांभई की आळोखेपिळोखे?

‘पँडिक्युलेशन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ एका कोशात ‘जांभई देणे’ असा मिळतो, तर दुसऱ्यात ‘हातपाय ताणणे’ असा. तेव्हा यांतला खरा अर्थ कोणता, आणि जांभईसाठी ‘यॉन’सारखा सुटसुटीत शब्द असताना हा अवजड शब्द वापरावा तरी कुठे, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते या शब्दाचा गाभा ताणण्याचा आहे आणि जांभई त्याच्या सोबतीने आलेली आहे.

व्युत्पत्ती पाहिली तर हे चटकन ध्यानात येते. लॅटिनमधील ‘पांदेरे’ या क्रियापदाचा अर्थ पसरणे, फैलावणे असा आहे. त्याच्यापासून ‘पांदिक्युलारी’, म्हणजे अंग ताणणे, हे क्रियापद झाले आणि त्यावरून इंग्रजीने हे नाम घडवले. विस्तारणे या अर्थाचा ‘एक्स्पांड’ हा परिचित शब्द याच ‘पांदेरे’च्या कुळातला आहे. (‘पँडेमिक’शी मात्र याचे काही नाते नाही, तेथील ‘पॅन’ हा ग्रीक असून त्याचा अर्थ ‘सर्व’ असा होतो.) मूळ शब्दात तोंडाचा कुठेही उल्लेख नाही. तो उल्लेख ज्यात आहे असा इंग्रजी शब्द वेगळाच आहे: ‘ऑसिटेशन’. लॅटिनमध्ये ‘ओस्’ म्हणजे तोंड, आणि ‘ओस्किटारे’ म्हणजे तोंड उघडून जांभई देणे. जांभईसाठी पंडिती शब्दच हवा असेल, तर नेमका शब्द हा आहे. त्याचे भावंड असलेल्या ‘ऑसिटन्सी’ला पुढे सुस्ती, बेफिकिरी असाही अर्थ चिकटला, आज तो क्वचितच वाचनात येतो.

मग कोशांमध्ये हे दोन अर्थ मिसळले कसे? याचे उत्तर शरीराच्या व्यवहारात आहे. झोपेतून उठताना किंवा फार वेळ एका जागी बसल्यावर माणूस हात वर नेतो, पाठ ताणतो आणि त्याच ओघात त्याचा जबडाही उघडतो; कुत्र्यामांजरांतही हे दोन्ही प्रकार अनेकदा जोडीने दिसतात. अर्धांगवायूच्या काही रुग्णांमध्ये तर जांभई येताच, एरवी हलवता न येणारा हात आपोआप वर उचलला जातो. जे शरीर एकदम करते त्याची भाषेने काटेकोर वाटणी करावी, ही अपेक्षाच थोडी जास्त आहे. संस्कृतातही हेच घडलेले दिसते. ‘जांभई’ ज्या ‘जृम्भा’वरून आली, त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, ‘गात्रविनामे’, म्हणजे अवयव वाकवणे किंवा ताणणे, असा दिला आहे. तेथे तोंडाचे नाव नाही. याच धातूला उमलणे, फैलावणे या अर्थच्छटाही आहेत, आणि त्यामुळे ‘पांदेरे’शी त्याचे अर्थसाम्य विलक्षण वाटते, जरी दोन्ही धातूंचे मूळ एक नाही.

मराठीने मात्र ही वाटणी करून ठेवली आहे. जांभई ‘येते’ किंवा आपण ती ‘देतो’. अंग ताणण्यासाठी ‘आळोखेपिळोखे देणे’ किंवा ‘आळस देणे’ असे म्हणतात. म्हणून ‘पँडिक्युलेशन’ला मी ‘आळोखेपिळोखे’ हाच प्रतिशब्द सुचवीन, कारण त्यात ताणणे आणि पीळ देणे या दोन्ही क्रिया आहेत आणि सोबतची जांभई गृहीत धरलेली आहे. ‘आळस देणे’ही अचूक आहे, परंतु नुसता ‘आळस’ लिहिला तर वाचक त्याचा अर्थ स्वभावदोष असा घेईल. ‘अंग मोडून येणे’ येथे चालणार नाही. ती तापापूर्वीची कसकस झाली.

‘यॉन’चा एक आलंकारिक उपयोग अनुवादकांना फसवतो. इंग्रजीत दरी किंवा तफावतही ‘यॉनिंग’ असते. हा शब्द ज्या प्राचीन धातूवरून आला त्याचाच विस्तार म्हणजे लॅटिनमधून आलेला, खंड किंवा फट या अर्थाचा ‘हायेटस’, हे लक्षात घेतले की उघडण्याचा तो अर्थ अगदी स्वाभाविक वाटतो. मराठीत मात्र दरी जांभई देत नाही. ती आ वासते. ‘जांभई देणारी दरी’ असे भाषांतर वाचकाला हसवील, ‘आ वासून पसरलेली दरी’ मात्र सहज खपेल.

प्रत्यक्ष वापराबद्दल सांगायचे तर ‘पँडिक्युलेशन’ शरीरशास्त्रीय किंवा पशुवैद्यकीय लेखनात, आणि व्यायामाविषयीच्या पुस्तकांत शोभतो. रोजच्या इंग्रजीत तो आला तर बोलणारा मुद्दाम जड शब्द वापरून विनोद करतो आहे, असेच ऐकणाऱ्याला वाटेल. सभेत कोणी केवळ तोंडावर हात धरून जांभई दिली, तर तेथे ‘यॉन’च लिहावे, खुर्चीत मागे रेलून दोन्ही हात डोक्यावर ताणले असतील, तरच ‘पँडिक्युलेट’ हे क्रियापद योग्य ठरेल.