आधी ताळा

प्रिय पोरी,

खोल्यांतली उष्णता जमिनीत सोडणाऱ्या पंपाची तुझी वही दोनदा वाचली. मे महिन्यातल्या 11 दिवसांच्या नोंदी, त्याही वीज गेल्याने मधेच तुटलेल्या, आणि त्यांच्यावर तू 14 गुणांकांचं समीकरण चढवलंस. वर विचारतेस, 'काका, जूनचे आकडे का जुळत नाहीत?' अगं, मेचेही जुळत नाहीत!

पंपाने खोल्यांतून 10 किलोवॉट उष्णता उचलली, कॉम्प्रेसरने 2 किलोवॉट वीज घेतली आणि बोअरमध्ये सोडली 10. मधले 2 कुठं गेले? फोंड्याच्या बाजारातली भाजीवाली तुझा असला हिशेब तोंडावर फेकेल. यंत्राच्या खोक्यातून झिरपतं ते किरकोळ. आधी ताळा जुळव.

तो जुळला की एका गुणांकावर भागतं. थंड पाणी 7 अंश, जमिनीकडे जाणारं 35. थंड पाणी केल्व्हिनमध्ये 280, भागिले दोघांतला फरक 28, म्हणजे कार्नोच्या सूत्राने आदर्श सीओपी (विजेच्या किती पट उष्णता उचलली तो आकडा) 10. तुझा खरा 4 निघाला, तर यंत्र आदर्शाच्या 40 टक्क्यांवर चालतं. तेच 40 टक्के धर. जमिनीकडे जाणारं पाणी 39 वर गेलं, की 280 भागिले 32, त्याचे 40 टक्के साडेतीन. कॅटलॉगमधल्या दोन-तीन आकड्यांशी ताडून बघ. अर्ध्या भारावर हे ढेपाळतं, ते पुढे पाहू.

आणि 39 ही काही दूरची गोष्ट नाही. युरोपात जमिनीत सोडलेली उष्णता थंडीत घर तापवायला परत काढतात. आपली जमीन मुळातच 27 अंशांच्या आसपास, आणि आपण बारा महिने तिच्यात ओततच राहतो.

चिडतोय खरा, पण याच चुकीवर मी एकदा सही केली आहे. एका हॉटेलचा सीओपी 5 लिहून दिला. सेन्सर पाइपला बाहेरून चिकटवलेला, वर ऊन. मालक पाइप कापू देईना, हंगाम तोंडावर. मी तरी काय करणार होतो? ताळा करू शकलो असतो. दहा मिनिटांचं काम होतं.

तुझ्या येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यात फरक जेमतेम 4 अंशांचा. दोन्ही सेन्सर अर्ध्या-अर्ध्या अंशाने उलट दिशांना चुकले, तर चौथा हिस्सा गेला. तेव्हा शनिवारी दोन्ही काढून घेऊन ये. एकाच बादलीत बुडवू, दोघांत किती फरक दाखवतात ते लिहून घेऊ. बादली आणि विहीर माझ्याकडे आहे. लॅपटॉप आणू नकोस.

तुझा,
काका