डिस्क अर्धी रिकामी, तरी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’

दादा, परभणीच्या जिनिंगमधल्या काट्याच्या सर्व्हरबद्दल तुम्ही जे लिहिलंय (डिस्क निम्मीही भरलेली नाही, तरी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं, रीस्टार्ट केला की चार-आठ दिवस सुरळीत), ते वाचून मला आमचा साखर कारखाना आठवला. लातूरकडचा, नाव सांगत नाही. अगदी हेच दुखणं होतं.

डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) तुम्ही पाहिलंच आहे. डीएफ डॅश आय लावून आयनोडही (डिस्कवरच्या फाईलींच्या नोंदी, त्यांनाही मर्यादा असते) बघून घ्या, म्हणजे तो संशय मिटेल. दोन्ही ठीक असतील तर डिस्कचा नाद सोडा. सेमाफोर म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसनी एकमेकींत धक्काबुक्की करू नये म्हणून ठेवलेला सिग्नल; ते संचाने मिळतात. ॲप्लिकेशनने नवीन सेमाफोर संच मागितला आणि कर्नलकडची (लिनक्सच्या गाभ्याकडची) संचांची मर्यादा संपलेली असली, तर कर्नल हाच एरर परत देतो. शेअर्ड मेमरीचे सेगमेंट आणि मेसेज क्यू (प्रोसेसनी आपसात माहिती देण्याघेण्याच्या आणखी दोन सोयी) यांचंही तेच. मजकूर डिस्कचा, भानगड दुसरीकडची.

आता सपोर्टवाल्यांबद्दल. काट्याचं सॉफ्टवेअर ज्यांचं होतं त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘डिस्क फुल आहे, लॉग डिलीट करा.’ डीएफचा फोटो पाठवला तरी तेच. लॉग उडवून रीस्टार्ट केलं की चालायचं, मग तिकीट बंद. ज्या लॉगमध्ये कारण सापडलं असतं तोच दर वेळी पुसायला लावायचे! पुढे नव्या डिस्कचं कोटेशन आलं, संचालक मंडळाने मंजूर केलं, डिस्क बसली, आणि भर गळीत हंगामात एरर पुन्हा हजर. रात्री ऑपरेटरचा फोन: “साहेब, काटा अडकलाय, ट्रॅक्टरवाले बोंबलायलेत.” उसाची रांग पार रस्त्यापर्यंत. सपोर्टचं म्हणणं, ‘हंगामात लोड असतो.’

लोड नव्हताच. हंगामात कारखाना स्वतःच्या टर्बाइनवर चालतो, वीज जात नाही, सर्व्हर महिनोन्‌महिने बंद पडत नाही. बिगरहंगामात बाहेरची लाईन जायची, यूपीएस दम तोडायचा, सर्व्हर आपोआप रीबूट व्हायचा. सेमाफोर कर्नलच्या मेमरीत असतात, रीबूट झाला की सगळे साफ. म्हणजे वीज जाणं हाच आमचा इलाज होता. तुमच्याकडे हल्ली इन्व्हर्टर किंवा जनरेटर बसलाय का, ते आधी सांगा.

आयपीसीएस डॅश एस (सेमाफोर संचांची यादी दाखवणारी कमांड) चालवलं तेव्हा स्क्रीन भरून ओळी आल्या. ‘की’ (संच शोधायची किल्ली) च्या रकान्यात सगळीकडे शून्य, ओनर एकच (काट्याच्या ॲप्लिकेशनचा युजर), एनसेम्स (संचातल्या सेमाफोरांची संख्या) सगळ्यांचे सारखे. ‘की’ शून्य म्हणजे खासगी संच. ज्या प्रोसेसने तो बनवला ती आणि तिची पिल्लं (तिने सुरू केलेल्या प्रोसेस) मेली, तरी तो ‘की’ वरून कुणालाच शोधता येत नाही, पण जागा अडवून बसतो. आयपीसीएस डॅश एल ने संचांची मर्यादा दाखवली १२८. सेंटओएस (लिनक्सचा एक प्रकार) ६ आणि ७ वर मूळ आकडा हाच आहे. कर्नल ३.१९ पासून तो ३२००० झाला. म्हणून ‘नवीन ओएस टाका, आपोआप जाईल’ असं कुणी म्हणालं तर खरंही वाटेल; गळती तशीच राहते, फक्त दिसायला उशीर लागतो. प्रॉक/सिस/कर्नल/सेम या फाईलमधला चौथा आकडा (हीच मर्यादा) वाढवणंही तसलंच. रात्र काढायला ठीक.

गळती कुठून? ॲप्लिकेशन हँग झालं की किल डॅश ९ (प्रोसेस जबरदस्तीने तडक मारणं) करा, असं त्याच सपोर्टने ऑपरेटरला कागदावर लिहून दिलेलं होतं. किल डॅश ९ मध्ये प्रोसेसला आवराआवर करायला वेळच मिळत नाही. प्रोग्राममध्ये सेम-अंडू (प्रोसेस संपल्यावर तिने केलेले बदल उलटवण्याची सोय) असलं तरी ते फक्त सेमाफोरची किंमत पूर्ववत करतं, संच पुसत नाही. आधी साधा किल करा, थोडं थांबा, अगदीच नाही ऐकलं तर ९.

अनाथ संच ओळखायला आयपीसीएस डॅश एस डॅश आय आणि पुढे संचाचा क्रमांक द्या. शेवटच्या रकान्यात पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) दिसतो. पीएस (चालू प्रोसेसची यादी) मध्ये तो जिवंत नसेल तर संशय घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण तो फक्त शेवटच्या ऑपरेशनचा पीआयडी असतो आणि पीआयडी पुन्हा वापरलेही जातात. ॲप्लिकेशन पूर्ण बंद करून त्याच युजरचे जे उरतील ते आयपीसीआरएम (संच पुसणारी कमांड) डॅश एस ने एकेक काढा. त्याच कमांडच्या डॅश ए ला (सगळं एकदम पुसतं) हातही लावू नका. त्याच मशीनवर डेटाबेस असेल तर त्याचेही सेमाफोर जातील. मी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) नाही, आधी बॅकअप घ्या, जमलं तर टेस्ट मशीनवर करून बघा.

नजर ठेवायला महागडं टूल नको. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर दहा मिनिटांनी तारीख आणि आयपीसीएस डॅश एस डॅश यू चं आउटपुट एका फाईलमध्ये जोडत जा. यूज्ड ॲरेज (वापरातले संच) चा आकडा चढतच राहिला, कधी उतरलाच नाही, तर गळती आहे. ही फाईल सपोर्टच्या तोंडावर मारायलाही कामी येते, आमच्याकडे तिनेच काम केलं. ॲप्लिकेशन डॉकरमध्ये (वेगळ्या बंदिस्त डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये) असेल तर हे कंटेनरच्या आत जाऊन बघावं लागतं, त्याचा आयपीसी नेमस्पेस (सेमाफोर वगैरेंचा स्वतंत्र कप्पा) सहसा वेगळा असतो, होस्टवर काही दिसणार नाही.

जाता जाता एक: पोस्टग्रेस (डेटाबेस) असेल आणि सेमाफोर वाढण्याऐवजी अचानक गायब होत असतील, तर उलटं प्रकरण आहे. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारी व्यवस्था) लॉगइनडी.कॉन्फ मध्ये रिमूव्हआयपीसी ही सेटिंग बघा. ते यस असलं आणि डेटाबेसचा युजर सिस्टम अकाउंट नसला, तर तो लॉगआउट होताच सगळं पुसलं जातं. नो करा.

कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करा, मी मोबाइलवरून लिहितोय. आयपीसीएस डॅश एस आणि डॅश एल, दोन्हीचं आउटपुट टाका, युजरचं नाव झाकून. मग पुढचं बघू.